वेदीपासून चिंचेपर्यंत: एका चर्चच्या गायनसंध्येचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावातलं. गावाचं, चर्चचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. गायनसंध्येच्या पाच जणांच्या समितीत मी होतो. कार्यक्रमपत्रिका आणि हजेरीची वही माझ्याकडे असायची, त्यामुळे खाली जिथे जिथे ‘समिती चुकली’ असं म्हटलंय तिथे मीही आहे.

पार्श्वभूमी

चर्च दगडी आहे. जाड भिंती, उंच छत, खाली शहाबादी फरशी आणि सागवानी बाकांच्या चौदा ओळी. अमेरिकन मराठी मिशनने 1813 मध्ये मुंबईत काम सुरू केलं आणि 1831 मध्ये नगरला ठाणं केलं. पुढे या सगळ्या पट्ट्यात मिशनची चर्चं, शाळा, बोर्डिंगं उभी राहिली. त्यांच्याबरोबर सोप्रानो, अल्टो (बायकांचे वरचा आणि खालचा आवाज), टेनर, बास (पुरुषांचे वरचा आणि खालचा) असं चार आवाजांचं गाणंही आलं. आमच्या आज्यांनी ते बोर्डिंगमध्ये पाठ केलं आणि पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात बसवलं.

दुसरा प्रवाह इथल्याच मातीतला. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला राहिले आणि अभंग, ओवी, पद अशा ओळखीच्या घाटांत भजनं लिहीत गेले. ती पेटी, तबला आणि झांजांवर म्हटली जातात. रविवारी आधी ऑर्गनवर चार आवाजांचं गीत आणि अर्पणाच्या वेळी भजनी ठेक्यातलं पद, यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. घरोघरच्या प्रार्थनासभांत मात्र फक्त भजन. तिथे ऑर्गन नसतो आणि त्याची उणीव कुणाला भासतही नाही.

कोविडमध्ये क्वायर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, बंद पडली होती. ती पुन्हा उभी राहिल्यावर तरुण संघाने कल्पना मांडली, की दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी सगळ्या गावासाठी गायनाचा कार्यक्रम करू. पहिली चाळीस मिनिटं क्वायर, पुढची चाळीस मिनिटं कुटुंबं. एका घरातली माणसं, शक्यतो दोन-तीन पिढ्या, एकत्र येऊन एक-दोन गाणी म्हणणार. कुटुंब ख्रिस्तीच असलं पाहिजे असं नाही. प्रवेश मोफत, दाराशी अर्पणपेटी. चर्चच्या पंचांनी मंजुरी दिली आणि ऑक्टोबरमध्ये मालिका सुरू झाली.

अडचण

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर बरे गेले. डिसेंबरला बाकं पुरली नाहीत, पण नाताळच्या गर्दीवरून काही ठरवू नये हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही. जानेवारीत लोक आले, क्वायर ऐकली आणि कुटुंबांचा भाग सुरू झाल्यावर एकेक करून उठले. फेब्रुवारीत दुसऱ्या अर्ध्या भागाला पुढच्या पाच ओळी भरलेल्या होत्या, आणि त्यातले निम्मे गाणाऱ्यांचेच नातेवाईक.

गाणंही खरोखर वाईट ऐकू येत होतं. एका घरात वडील, आई आणि अकरा वर्षांची मुलगी. घरी ते भजन इतकं गोड म्हणतात की आम्हीच त्यांना आग्रह करून आणलं होतं. वेदीपुढे उभे राहिले आणि मुलीचा एक शब्द कळेना. तबल्याचा नुसता गडगडाट. साउंडवाला लग्नाच्या ऑर्डरी करणारा. लोकांना ऐकू येत नाही असं दिसल्यावर त्याने आवाज वाढवला, माइकने शिट्टी मारली, मुलगी दचकली आणि रडवेली झाली. आईने कसंबसं ध्रुपद पूर्ण केलं.

त्यानंतरच्या समितीच्या सभेच्या इतिवृत्तात माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘कुटुंबांची तयारी कमी पडते.’ पुढचे दीड महिने आम्ही या एका वाक्यावर घालवले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय चाळणी लावण्याचा. पंधरा दिवस आधी कुटुंबांची चाचणी घ्यायची आणि दोनच घरं निवडायची. क्वायर चालवणारे सर याच मताचे होते. ते म्हणाले, “आम्ही एका गीतावर सहा आठवडे बसतो. यांना येऊन उभं राहायचं असतं.” यात तथ्य होतं. पण चाचणी लावली की येणार ती क्लासला जाणारी मुलं. स्वयंपाकघरात गुणगुणणारी आजी कशाला येईल?

दुसरा पर्याय कुटुंबांचा भाग बंदच करून निव्वळ क्वायरचा कार्यक्रम ठेवण्याचा. खजिनदारांना हा सोपा वाटत होता. पण क्वायरमध्ये चौदा जण, त्यांत टेनर दोनच. दर महिन्याला ताजी चाळीस मिनिटं उभी करणं त्यांना झेपलं नसतं, आणि हे सरांनीही नंतर मान्य केलं.

तिसरा पर्याय तरुण संघाचा: गावातला ऑर्केस्ट्रा साथीला बोलवायचा आणि खर्च भागवायला तिकीट लावायचं. यावर बराच काळ बोलणं झालं, कारण इथे कायद्याचा मुद्दा आला. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये एक सवलत आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी, गीत-संगीत सादर केलं तर तो हक्कभंग होत नाही. कुटुंबं काही वेळा जुनी चित्रपटगीतंही म्हणत होती, आणि ती या सवलतीत बसत होती. मानधन घेणारा ऑर्केस्ट्रा आणला की ‘हौशी’ हा शब्दच गळतो. शिवाय सवलत सादरीकरणापुरती आहे. चित्रफीत ऑनलाइन चढवली की तो वेगळा प्रश्न होतो. टिळकांच्या शब्दांची अडचण नव्हती. ते 1919 मध्ये गेले, त्यानंतरची हक्काची साठ वर्षं केव्हाच उलटली. पण अलीकडच्या चाली आणि संगीतरचना कुणाच्या तरी असतात, हे आमच्यातल्या अर्ध्या लोकांना त्या सभेत पहिल्यांदा कळलं. तिकिटाचा विषय तिथेच मिटला.

चौथा पर्याय कुणी मांडलाच नाही. तो अपघाताने सापडला.

उपवासकाळातली चाचणी

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस आम्ही कार्यक्रम थांबवला होता. त्या दिवसांत एका संध्याकाळी ती अकरा वर्षांची मुलगी आईबरोबर आवारात आली होती. आई महिला मंडळाच्या सभेत, मुलगी बाहेर चिंचेखाली मैत्रिणींबरोबर. ती तेच भजन म्हणत होती. मी फाटकाशी गाडी लावत होतो, तिथवर शब्द न् शब्द ऐकू आला.

पुढच्या बुधवारी आम्ही तीन कुटुंबांना बोलावलं आणि दोन तास नुसते फिरलो. कुटुंब आधी वेदीपुढे, मग मधल्या वाटेत तिसऱ्या बाकाशी, मग पोर्चमध्ये, शेवटी चिंचेखाली. मी गाण्याचे शब्द लिहिलेला कागद घेऊन दर वेळी शेवटच्या ओळीइतक्या अंतरावर बसलो आणि कळलेल्या शब्दांवर खूण करत गेलो. रिकाम्या चर्चमध्ये टाळी वाजवली तर तिचा आवाज दोन-अडीच सेकंद घुमत राहतो. क्वायरला हेच हवं असतं. लांबवलेले स्वर एकमेकांत मिसळतात, चौदा गळे चाळिसांसारखे वाटतात. तबल्याचा दर बोल मात्र आधीच्या बोलाच्या शेपटीवर पडतो. शब्दांचं तसंच, एका अक्षराचा घुमारा पुढचं अक्षर खातो. अशा जागेत आवाज वाढवला की घुमाराही तितकाच वाढतो. साउंडवाल्याची चूक नव्हती, त्याला फक्त एकच बटण ठाऊक होतं.

वेदीपुढच्या खेपेला माझ्या कागदावर निम्म्याहून कमी खुणा होत्या. चिंचेखाली जवळजवळ सगळ्या.

दुसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे पेटीवरचा कुठला सूर ‘सा’ धरायचा त्याची. वडिलांचा गळा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा. आई आणि मुलगी काळी एकमध्ये खर्जात बुडून जायच्या. बायकांच्या सोयीने काळी चार घेतली की वडील तार सप्तकात ओरडायचे. घरी ते काय करत होते? घरी पेटी नसायची. जो सुरुवात करेल त्याच्या गळ्यावर गाणं चालायचं आणि बाकीचे आपापली जागा शोधायचे. चर्चमध्ये आम्ही त्यांना पेटीच्या एका पट्टीला बांधलं होतं. तबलजी काका या कामात मुरलेले. त्यांनी तोडगा सांगितला: वडिलांचं पद काळी एकमध्ये, आई-मुलीचं काळी तीनमध्ये. काळी एकचा मध्यम (म) म्हणजे काळी तीन, आणि काळी तीनचा पंचम (प) म्हणजे पुन्हा काळी एक. तबला काळी एकला लावलेला राहू द्या, दोन्हीकडे चालतो. मधे ठोकाठोकी नको. फेब्रुवारीपर्यंत हे काकांना कुणी विचारलंच नव्हतं. ते समितीत नव्हते.

तिसरी गोष्ट लहान, पण कान विटवणारी. चर्चचा जुना ऑर्गन आजच्या कीबोर्डपेक्षा किंचित चढा आहे. चाळीस मिनिटं कान ऑर्गनला सरावायचे आणि लगेच कीबोर्डवर कुटुंब सुरू व्हायचं. ते सुरात असूनही उतरलेलं वाटायचं.

म्हणजे ‘कुटुंबांची तयारी कमी पडते’ हे वाक्य खोटं होतं. टिळकांच्या काळापासून ही भजनं कीर्तनात, अंगणात, ओसरीवर म्हटली गेली. आम्ही त्यांना दगडी खोलीत उभं केलं आणि माणसांना नापास केलं.

काय केलं

ईस्टरनंतरच्या एप्रिलपासून नवी मांडणी केली. सहा वाजता क्वायर आत, ऑर्गनवर, माइकशिवाय, पस्तीस मिनिटं. मग आवारात चहा. पावणेसातला कुटुंबं चिंचेखाली. श्रोते सतरंज्यांवर अर्धगोलात, शेवटचा माणूस पंधरा पावलांवर. शेवटी एक भजन, त्याचं ध्रुपद सगळ्यांनी म्हणायचं. पावणेआठच्या आत सांगता.

बाहेर माइक लावायचा नाही हेही ठरवलं. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा तो लावताच येत नाही. आमची वेळ दहाच्या कितीतरी आधीची, पण आवाराला लागून वसतिगृह आहे आणि तिथे परीक्षांचे दिवस होते. परवानगी काढण्यापेक्षा जवळ बसणं सोपं पडलं. साउंडवाल्याचे पैसे वाचले, त्यातून सतरंज्या घेतल्या.

कीबोर्ड बंद. बाहेर फक्त पेटी, तबला, झांजा.

सरांचा प्रश्न

इथे आमच्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली. क्वायरची वेळ चाळीसवरून पस्तीस मिनिटं झाली, आणि कार्यक्रमाचा शेवट बाहेर गेला. आधी डिसेंबरसारख्या दिवशी शेवटी सगळ्यांबरोबर क्वायरच उभी राहायची. हा बदल सरांना कुणी जाऊन सांगितला नाही. मी पत्रिका छापायला देण्याआधी ती व्हॉट्सअॅप गटावर टाकली आणि सरांनी ती तिथे पाहिली.

पाच मिनिटांसाठी कुणी एवढं रागावत नाही. सव्वीस वर्षं ते हा क्वायर सांभाळत होते. कोविडमध्ये माणसं गेली, त्यांच्या जागा भरून काढत त्यांनी चार आवाज पुन्हा उभे केले, आणि आता त्यांच्या लेखी क्वायर चहाच्या आधीची करमणूक झाला होता. ते यायचे थांबले. दोन्ही टेनर त्यांचे विद्यार्थी, तेही थांबले. एप्रिल आणि मे क्वायरने तीन आवाजांत काढले. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना फरक कळला नसेल. गाणाऱ्यांना कळला.

चर्चचे पाळकसाहेब मेअखेर सरांच्या घरी गेले, मी बरोबर होतो. सरांनी चहा दिला. म्हणाले, “पाळकसाहेब, निर्णय बरोबर असेल. मला विचारलं असतं तर मीच सुचवला असता कदाचित. विचारलं नाहीत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते नाताळच्या तालमींना आले, एक टेनरही आला. पण क्वायर पुन्हा हातात घेतला नाही. आता त्यांची एक विद्यार्थिनी चालवते आणि अवघड जागी त्यांना फोन करते.

अभंगाचा प्रश्न

समोरच्या गल्लीत एक वारकरी घर आहे. निवृत्त शिक्षक, त्यांची आई, मुलगा-सून, नातू. पहिल्यापासून कार्यक्रमाला येणारे. मार्चमध्ये आजींनी पाळकसाहेबांना विचारलं, “आम्ही म्हटलं तर चालेल का? आमचं जे आहे ते.” त्यांचं जे आहे ते म्हणजे तुकोबांचे अभंग.

समितीत दोन मतं पडली. एका ज्येष्ठ पंचांचं म्हणणं असं, की गावातल्या सगळ्यांना बोलावलं हे ठीक, पण वेदीपुढे विठ्ठलाचा अभंग हा आदराचा नाही, उपासनेचा प्रश्न आहे. मंदिरात जाऊन आपण आपलं भजन म्हणू देण्याची अपेक्षा करतो का? दुसरं मत असं, की कुटुंबांना बोलावताना आपण धर्माची अट घातली नव्हती. टिळकांनी अभंगाचा साचा घेतला तो याच परंपरेतून. आता दाराशी आलेल्या आजींना परत पाठवायचं?

मी दुसऱ्या बाजूचा होतो. तरीही पहिल्या मताला हसण्यावारी नेणं मला पटलं नाही. पवित्र जागेत काय चालतं हे ठरवण्याचा अधिकार तिथे प्रार्थना करणाऱ्यांना असतो. आणि गावात वातावरण असं असतं, की इकडे अभंग म्हटला म्हणून त्यांच्याकडे कुणी नाक मुरडेल आणि त्यांना बोलावलं म्हणून आमच्याकडे कुणी संशय घेईल. आजींना आधी त्यांच्या घरच्यांशी बोलून घ्यायला सांगितलं, ते यासाठी. त्यांनी दुसऱ्याच दिवशी निरोप दिला की घरी सगळे तयार आहेत.

मग चिंच सापडली आणि प्रश्न आपोआप मागे पडला. आवार म्हणजे उपासनेची जागा नव्हे, तिथे कुटुंब आपल्या घरी म्हणतं ते म्हणू शकतं, यावर ज्येष्ठ पंचही राजी झाले. एप्रिलमध्ये आजींनी दोन अभंग म्हटले, नातू पखवाजावर. सुरुवातीला आमची माणसं जरा अंग चोरून बसली होती. दुसऱ्या अभंगाला झांजा आपसूक सुरू झाल्या, चाल सगळ्यांच्या कानातलीच होती. ज्येष्ठ पंच चहा घेऊन घरी गेले होते. ते अजूनही चहानंतर जातात.

निष्पत्ती

एप्रिलपासून दुसऱ्या भागातून उठून जाणारे थांबले. हजेरी डिसेंबरच्या गर्दीएवढी कधीच झाली नाही. साठ-सत्तर माणसं असतात आणि माइकशिवाय तेवढीच मावतात. गाणाऱ्या घरांची यादी मात्र लांबली. आधी आम्ही आग्रह करायचो, आता दोन महिने पुढच्या तारखा भरलेल्या असतात. ती मुलगी मे महिन्यात पुन्हा गायली. तिच्या आईने नंतर सांगितलं, की फेब्रुवारीनंतर तिने घरी गाणंच सोडलं होतं. आपल्या एका साउंड सिस्टीमने काय केलं होतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

क्वायरच्या बाबतीत हिशोब जमेचा म्हणता येणार नाही.

आज करायचं झालं तर

सभेत बसून कारण शोधण्याआधी शेवटच्या बाकावर बसलो असतो. हे काम एका संध्याकाळचं होतं आणि आम्ही ते पाच महिने केलं नाही, कारण समितीतले सगळे पहिल्या ओळीत बसायचे. तबलजी काकांना आणि साउंडवाल्याला निदान एका सभेला बोलावलं असतं. पत्रिका गटावर टाकण्याआधी सरांच्या घरी गेलो असतो, आणि सगळं ठरवून त्यावर होकार मागायला नव्हे, तर वेळापत्रक कोरं असताना. ऑर्गन आणि कीबोर्डचा झगडा तर कुणाही क्वायरवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितला असता.

अभंगाबद्दल मात्र वेगळं काय केलं असतं ते सांगता येत नाही. चिंचेने सोय केली, उत्तर दिलं नाही, हे जूनमध्ये उघडं पडलं. तिसऱ्या शनिवारी पाऊस धो धो. क्वायर संपला, चहा पोर्चमध्ये दाटीवाटीने झाला आणि कुटुंबांसाठी सगळे परत आत आले. आम्ही मधल्या वाटेत सतरंज्या अंथरल्या होत्या, बाजूच्या भिंतींवर महिला मंडळाच्या गोधड्या टांगल्या होत्या. घुमारा थोडा कमी झाला होता. दोन घरं गायली. तिसरं नाव आजींचं होतं.

आजी पोर्चमध्येच बसून होत्या, पेटीवर प्लास्टिक. आत येत नव्हत्या आणि आम्हीही या म्हणत नव्हतो. शेवटी पाळकसाहेब उठले, मुख्य दाराची दोन्ही कवाडं पूर्ण उघडली आणि आजींची खुर्ची उचलून उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, दाराकडे तोंड करून ठेवली. बाकं वेदीकडे तोंड करून पक्की बसवलेली आहेत, हलत नाहीत. लोक बाकांवर उलटे वळून बसले, मुलं गुडघ्यांवर उभी राहून पाठीवरून बघू लागली. बाहेर पावसाचा आवाज होता, तरी शब्द आतपर्यंत येत होते.

त्यानंतरच्या सभेच्या इतिवृत्तात ‘पावसाळ्यातील व्यवस्था’ हा विषय आहे. त्यापुढे मी लिहिलंय: ‘पुढील सभेत.’ पुढच्या सभेतही तेच लिहिलं.